खुब्यावरचा भार नेमका कोण पेलतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तुमचं वय ४७, वजन ६२ किलो, रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीला नोकरीला जाता. सात महिने डाव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, अधूनमधून जांघेतही चमक येते. एक्स-रे चांगला आला. एमआरआयमध्ये मात्र लॅब्रमला, म्हणजे सांध्याच्या खोबणीच्या कडेभोवतीच्या कडीला, लहानशी चीर आणि ग्लुटियस मीडियस या खुब्याच्या बाहेरच्या स्नायूच्या टेंडनची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची) झीज लिहून आली. एक डॉक्टर म्हणाले, हाड ठणठणीत आहे, आराम करा. दुसऱ्यांनी लॅब्रमसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली, नाहीतर सांधा लवकर झिजेल म्हणाले. आणि तुम्ही विचारताय, 'वजन तर हाडंच पेलतात ना, मग भोवतीचे मऊ भाग दुखावल्याने सांध्याला काय फरक पडतो?'

मी नौपाड्यात १९ वर्षं फिजिओथेरपी करते, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. तुम्हाला तपासल्याशिवाय निदान सांगणं बरोबर नाही, म्हणून ते सांगत नाही. पण 'एक्स-रे चांगला म्हणजे सांध्याचं सगळं चांगलं' हा समज आधी मोडायला हवा. एक्स-रेत हाडं दिसतात. त्या हाडांवर किती भार येतो, कुठे येतो आणि किती वेळ टिकतो, हे बहुतांशी एक्स-रेत न दिसणारे भागच ठरवतात.

थोडं गणित करू, अवघड नाही. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण तुम्ही एकाच पायावर असता. समजा डावा पाय जमिनीवर आहे. त्या पायाचं स्वतःचं वजन सोडलं तर बाकीचं, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण पाच-षष्ठांश, ६२ किलोतले सुमारे ५२ किलो, डाव्या खुब्यावर तोललं जातं. पण हे वजन सांध्याच्या बरोबर वर नसतं. ते शरीराच्या मध्याकडे, सांध्यापासून साधारण १० सेंटिमीटर आत असतं. त्यामुळे कंबर उजवीकडे खाली पडू पाहते. तिला धरून ठेवतो खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस आणि त्याच्या खालचा मिनिमस. त्यांची ओढ सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून लागते. तराजूची एक दांडी १० ची आणि दुसरी ५ ची असेल, तर आखूड बाजूला दुप्पट ओढावं लागतं. म्हणजे स्नायूंची ओढ सुमारे १०४ किलोची. ही ओढही कमरेला खाली, मांडीच्या हाडाच्या गोळ्यावरच दाबते. ५२ आणि १०४ मिळून सांध्यावर १५६ किलो. दोन्ही अंतरं माणसागणिक बदलतात, म्हणून हा आकडा ढोबळच धरा.

हा हिशेब जर्मन अस्थिशल्यतज्ज्ञ फ्रीडरिख पाउवेल्स यांनी १९३० च्या दशकात मांडला. पुढे बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या कृत्रिम खुब्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली आणि प्रत्यक्ष आकडे घेतले. साध्या वेगाने चालताना सर्वोच्च भार सरासरी वजनाच्या २३८ टक्के निघाला, जिना चढताना २५१ आणि उतरताना २६०. तुमच्या वजनाला २३८ टक्के म्हणजे जवळपास १४८ किलो. कागदावरचं गणित आणि शरीरातलं मोजमाप इतकं जवळ येतं. त्यांच्याच एका रुग्णाचा पाय अडखळला तेव्हा भार वजनाच्या आठपटीच्या वर गेला होता. पडणार असं वाटल्यावर भोवतीचे सगळे स्नायू एकदम आवळतात, त्याचा हा परिणाम.

तर तुमच्या खुब्यावरच्या भाराचा मोठा वाटा तुमचे स्नायूच तयार करतात.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. ओढीमुळेच भार वाढत असेल, तर स्नायू कमकुवत झालेला सांध्याला बराच की! एका अर्थी शरीर हाच मार्ग घेतं. स्नायू दुखतो किंवा दमतो तेव्हा माणूस दुखऱ्या बाजूला झुकून चालतो. धड डावीकडे कललं की वजन सांध्याच्या जवळ येतं, १० ची दांडी आखडते, स्नायूला कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा एकूण भार खरोखर उतरतो. लंगडणं ही शरीराने शोधलेली सोयच आहे. तिची किंमत मात्र कंबर आणि गुडघा मोजतात. वर्षभर असं चाललं की माझ्याकडे येणारी तक्रार खुब्याची उरत नाही, 'ताई, आता कंबरही धरते' अशी होते.

दुसरा प्रकार जास्त काळजीचा, आणि तो दिसतही नाही लवकर. धड सरळ राहतं, पण स्नायू पुरत नाही आणि पाऊल टाकताना कमरेची उजवी बाजू थोडी खाली येते. १८९५ मध्ये फ्रीडरिख ट्रेंडेलनबर्ग या जर्मन सर्जननी वर्णन केलेलं हेच लक्षण. कंबर उजवीकडे उतरली की डावी उखळी, म्हणजे गोळा जिच्यात बसतो ती कमरेच्या हाडातली खोबण, गोळ्यावर तिरकी होते. छपरासारखा जो भाग गोळ्याला वरून झाकतो, त्याची बाहेरची कड वर सरकते. झाकलेलं क्षेत्र कमी झालं, म्हणजे तेवढाच भार कमी जागेवर, कडेजवळ एकवटला. आणि त्याच कडेला लॅब्रम असतं. तुमच्या अहवालातल्या दोन ओळी वेगळ्या दिसतात, पण त्या एकमेकींशी अशा जोडलेल्या असू शकतात. असतीलच असं मी म्हणत नाही. तुमचं चालणं मागून पाहिल्यावरच ते कळेल.

आता लॅब्रम. उखळीच्या कडेभोवती असलेली ही चिवट, लवचीक कडी. माझ्या पेशंटना मी कुकरच्या रिंगचं उदाहरण देते. कुकरमधल्या डाळीचं वजन रिंग उचलत नाही. पण रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, वाफ कडेने निसटते आणि डाळ कच्ची राहते. लॅब्रमचं तसंच. सामान्य खुब्यात ते प्रत्यक्ष भारातला फक्त १ ते २ टक्के वाटा उचलतं, असं संगणकी प्रतिकृतींच्या अभ्यासात दिसलं आहे. त्याचं मोठं काम सील धरण्याचं. कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण, ही पाण्याने भरलेल्या घट्ट स्पंजसारखी असते, तिच्यात सुमारे ६५ ते ८० टक्के पाणी. पाऊल पडताच भार आधी या पाण्याच्या दाबावर तोलला जातो, सुरुवातीच्या क्षणी तर नव्वद टक्क्यांहून जास्त. पाणी कोंडलेलं आहे तोवर कूर्चेच्या घन धाग्यांना फारसा त्रास नाही. ते निसटू लागलं की घन भाग घन भागावर दाबला जातो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात प्रतिकृतीतून लॅब्रम काढल्यावर कूर्चा ४० टक्क्यांपर्यंत जलद दबत गेली. तेव्हा 'लॅब्रमचं काय एवढं' असं मी कधीच म्हणणार नाही.

पण शस्त्रक्रियेबद्दल बोलताना दुसरी बाजूही ऐका. २०१२ च्या एका अभ्यासात खुब्याचा कसलाही त्रास नसलेल्या ४५ जणांचे एमआरआय काढले, तर ६९ टक्के खुब्यांत लॅब्रमला चीर सापडली. यांतल्या कुणाला दुखत नव्हतं. तुमच्या वयात छोटी चीर दिसणं म्हणजे दुखण्याचं कारण सापडणं, असं सरळ म्हणता येत नाही. वरच्या प्रतिकृतीत लॅब्रम पूर्ण काढलं होतं, तुमच्याकडे लहान चीर आहे. या दोन्हींत बराच फरक आहे.

हे कुणाला लागू पडत नाही तेही सांगते. उखळी जन्मतः उथळ असेल तर गणित बदलतं. अशा खुब्यात लॅब्रम १-२ ऐवजी ४ ते ११ टक्क्यांपर्यंत भार उचलायला लागतं. छप्पर अपुरं, म्हणून कडीच छपराचं काम करते. तिथे चीर गंभीरपणे घ्यावी लागते, आणि नुसतं लॅब्रम शिवून भागत नाही, उखळीचा विचार करावा लागतो. मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटा असून तो वाकताना कडेला आपटत असेल, तरीही वेगळं. ज्यांचे सांधे मुळातच फार सैल आहेत, अंगठा मनगटाला टेकतो, त्यांचं आणखी वेगळं.

लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, त्यांच्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या अहवालात त्यांचा दोष नाही. खुब्याच्या पुढचं उलट्या वायच्या आकाराचं इलिओफेमोरल लिगामेंट शरीरातल्या सगळ्यात बळकट लिगामेंटांपैकी एक. रांगेत उभं राहून कंटाळल्यावर आपण पोट आणि कंबर पुढे काढून उभे राहतो ना, तेव्हा स्नायू सुटी घेतात आणि आपण या लिगामेंटवर टांगलेले असतो. आराम वाटतो, पण गोळा पुढच्या कडेकडे ढकलला जातो. जांघेत चमक येणाऱ्या बऱ्याच जणांची उभं राहण्याची सवय अशीच असते. तुम्ही एकदा आरशात बाजूने बघा.

बाहेरच्या बाजूच्या दुखण्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या वर्णनात तेच मुख्य वाटतं. कुशीवर झोपता न येणं, जिना चढताना दुखणं, चाळिशी-पन्नाशीतली बाई: ही ग्लुटियल टेंडनच्या त्रासाची ओळखीची खूण आहे. पूर्वी याला सरसकट 'बर्साला सूज', म्हणजे तिथल्या घर्षण कमी करणाऱ्या पिशवीला सूज, म्हणत. टेंडन हाडाच्या टोकाला चिकटतं, त्याच्या वरून एक रुंद, ताठ पट्टा मांडीवरून गुडघ्यापर्यंत जातो. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे आला की हा पट्टा ताणला जातो आणि टेंडनला हाडावर दाबतो. म्हणजे टेंडनला दोन त्रास, ओढ आणि चिरडणं. नुसती ओढ त्याला बरीच सोसते. दोन्ही एकदम आले की झीज होते.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीची काही वर्षं बाहेरच्या बाजूला दुखणाऱ्या प्रत्येकाला मी त्या पट्ट्याचं स्ट्रेचिंग द्यायचे: पायावर पाय टाका, बाजूला वाका, तीस सेकंद धरा. कोपरीच्या एक शिक्षिका तीन आठवडे निष्ठेने करत होत्या आणि दर आठवड्याला दुखणं वाढल्याचं सांगत होत्या. मी त्यांना आणखी स्ट्रेचिंग वाढवून दिलं. प्रत्यक्षात त्या दिवसातून तीन वेळा तो पट्टा टेंडनवर दाबत होत्या, माझ्याच सांगण्यावरून. नंतर मी ते बंद केलं, तेव्हा दहा दिवसांत त्यांची झोप सुधारली. त्या बाईंची मी माफी मागितली. आजही कुणी तुम्हाला हा व्यायाम दिला असेल, तर तो थांबवा.

तुमच्या दिवसात हे चिरडणं कुठे कुठे होतं ते शोधा. लोकलमध्ये जागा नसली की आपण दाराजवळ आडोशाला टेकून एका पायावर सगळं वजन टाकतो, खुबा बाहेर काढून. ठाणे ते ऐरोली अंतर फार नाही, पण रोज दोन वेळा, शिवाय फलाटावरचा वेळ धरा. दोन्ही पायांवर सारखं उभं राहा, पाय थोडे फाकवून. ऑफिसात पायावर पाय टाकून बसू नका. उजव्या कुशीवर झोपलात तरी वरचा डावा पाय पुढे घसरून गादीला टेकतो आणि तेच होतं. दोन गुडघ्यांत उशी घ्या, जाड, आणि घोट्यापर्यंत पोचेल अशी. मांडी घालून बसण्याला माझी हरकत नाही, त्यात पाय बाहेरच्या बाजूला जातो. एका बाजूला पाय दुमडून, जसं बायका पूजेला बसतात, ते मात्र काही महिने टाळा.

आता बॅग आणि काठी, कारण तराजूचं गणित तिथे सगळ्यात कामाला येतं. लॅपटॉपची ५ किलोची पिशवी तुम्ही उजव्या हातात धरलीत, तर ती डाव्या खुब्यापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर लटकते. स्नायूला ५ सेंटिमीटरवरून ती तोलायची, म्हणजे सातपट, ३५ किलोची जादा ओढ. पिशवीचे ५ मिळून सांध्यावर ४० किलो वाढले. तीच पिशवी डाव्या हातात घेतली, तर ती खुब्याच्या बाहेर लटकते आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बसते, स्नायूचं काम उलट कमी होतं. दुखऱ्या बाजूच्या हातात ओझं घ्यायचं, हे ऐकून सगळे चकित होतात. घरी डाव्या हातात पिशवी धरून दहा पावलं चाला, मग उजव्या हातात, फरक तुम्हालाच कळेल. पाठीवरची सॅक घेतलीत तर सगळ्यात सोपं.

काठीचं उलट. काठी उजव्या हातात, म्हणजे चांगल्या बाजूला. तिथे जमिनीवर ५ किलोचा दाब दिलात तरी वरच्याच गणिताने डाव्या स्नायूची ३५ किलोच्या आसपास ओढ वाचते. दुखऱ्या बाजूला काठी धरणारे मला स्टेशनच्या पुलावर रोज दिसतात. त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं, कधी कधी सांगतेही. ४७ व्या वर्षी काठी धरायला संकोच वाटेल, समजू शकते. लांब दांड्याची मजबूत छत्री धरा, आपल्याकडे चार महिने कुणी विचारणारही नाही. तिचं टोक रबरी हवं, ओल्या लादीवर घसरतं. जिन्यावर कठडा उजव्या हाताला येईल अशी बाजू निवडा. चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी.

आता 'आराम करा' या सल्ल्याबद्दल. पूर्ण आरामाने टेंडन आणखी कमजोर होतं. त्याला भार हवा, पण चिरडल्याशिवाय आणि हळूहळू वाढत जाणारा. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी, सवयींबद्दलचं शिक्षण आणि व्यायाम घेतलेल्यांत ७७ टक्के लोकांनी सुधारणा सांगितली, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत ५८, नुसती वाट पाहणाऱ्यांत २९. माझा अनुभवही याच दिशेचा आहे. इंजेक्शनला मी विरोध करत नाही. झोपच लागत नसेल तर त्याचा उपयोग होतो, पण त्याने स्नायूला ताकद येत नाही.

सुरुवात साधी करा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, गुडघ्यांच्या जरा वर ओढणी बांधा आणि गुडघे बाहेरच्या बाजूला ओढणीवर दाबा. हलू द्यायचे नाहीत, नुसता जोर लावायचा, पूर्ण ताकदीच्या साधारण निम्मा. ३० सेकंद धरा, पाच वेळा, दिवसातून दोनदा. दोन आठवड्यांनी कंबर उचलण्याचा व्यायाम, मग ओट्याला धरून बाजूला पावलं टाकणं, मग पायरीवर एका पायाने चढणं. शेवटचं आरशासमोर करा. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बोटं ठेवा आणि दोन्ही बोटं एका रेषेत राहतात का पाहा. उजवं बोट खाली आलं की थांबा, तो दिवसाचा शेवट. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर आदला डोस जास्त झाला. टेंडनला वेळ लागतो, बारा आठवडे तरी धरा. एका महिन्यात कंटाळून सोडणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.

जिम किंवा टेकडी सध्या नको. येऊरचा चढ नंतर चालेल. तलावपाळीला सपाट फेरी मारा, लांब ढांगा न टाकता. पाऊल मागे फार लांबलं की गोळा पुढच्या कडेवर ढकलला जातो आणि जांघेतली चमक वाढते.

काही गोष्टींत मात्र माझ्या उत्तरावर थांबू नका. ताप, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पाय टेकताच न येणं, रात्री स्थिर पडलेलं असतानाही जांघेत ठणकणं, खुबा मध्येच अडकणं, किंवा पूर्वी बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेलं असणं, यांपैकी काही असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. स्टेरॉइडनंतर गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड मृत होऊ शकतं, आणि सुरुवातीला एक्स-रे अगदी चांगला दिसतो. तुमच्या एमआरआयमध्ये तसं काही लिहिलेलं नाही, ही चांगली गोष्ट.

शस्त्रक्रियेचा निर्णय मी तुमच्या जागी असते तर तीन महिने पुढे ढकलला असता. तोवर एक काम करून ठेवा. तुमच्या जुन्याच एक्स-रेवर डाव्या उखळीचा सेंटर-एज कोन (छप्पर गोळ्याला किती झाकतं ते सांगणारा) मोजून देता का, असं डॉक्टरांना विचारा. नवी तपासणी लागत नाही, फिल्मवर दोन रेघा ओढून मोजता येतो. २५ अंशांच्या वर असेल तर छप्पर पुरेसं आहे. २० च्या खाली असेल तर उखळी उथळ आहे आणि लॅब्रमबद्दल मी वर जे सबुरीने लिहिलं, ते तुम्हाला तसंच्या तसं लागू होणार नाही. मध्ये कुठे असेल तर तो आकडा, आणि घरच्यांकडून मागून काढलेला तुमच्या चालण्याचा वीस पावलांचा व्हिडिओ, दोन्ही घेऊन कुठल्याही अनुभवी फिजिओकडे जा. व्हिडिओ काढताना कुर्ता कमरेत खोचून घ्या, नाहीतर कंबर दिसत नाही.